कंट्रोल-ओ दाबलं, पण फोटो सापडेना: गिम्पच्या ओपन विंडोतल्या रोजच्या अडचणी

गेल्या वर्षी एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्याकडे आला. सहा बाय चारचा, आणि त्यात चार फूट रुंदीत तिचा एकच मोठा फोटो. वडिलांनी आधी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी मूळ फोटो मागितला, तेव्हा संध्याकाळी येऊन केबल लावून तोही दिला. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात पडल्या. दोन्हींचं नाव ‘आयएमजी’ने सुरू होणारं, पुढे तीच आठ आकडी तारीख. फरक होता तो नावाच्या शेपटीत, आणि ओपनच्या विंडोत नावाचा रकाना इतका अरुंद होता की शेपटी दिसतच नव्हती. मी वरची फाइल उघडली, काम केलं, मशीनवर टाकलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. मूळ फोटो ४००० बाय ३०००चा होता. चार फूट म्हणजे ४८ इंच. मूळ फोटोला इंचाला ८३ पिक्सेल मिळाले असते, आणि फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने तेवढ्यात काम छान झालं असतं. या प्रतीला मिळाले जेमतेम ३३. पोरीच्या पापण्यांच्या जागी छोटे छोटे चौकोन उमटले. वडील म्हणाले, “दादा, मोबाईलवर तर एवढा चांगला दिसत होता.” रात्री पुन्हा छापून दिला. चूक माझी होती. पण फाइल निवडायच्या त्या एका क्षणी मला हव्या असलेल्या दोन गोष्टी, फोटो कसा दिसतो आणि किती पिक्सेलचा आहे, समोरच्या विंडोत नव्हत्या. हे त्या दिवसापासून डोक्यातून गेलेलं नाही.

तेव्हापासून या विंडोच्या मागेच लागलो. इथे गिम्प या फोटोवर काम करायच्या फुकट प्रोग्रॅमबद्दल लिहितोय, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच लहान दुकानांत आणि शिकणाऱ्या मुलांकडे तोच असतो. बाकीच्या प्रोग्रॅमचा उल्लेख लागेल तिथे येईल.

उजवीकडे चित्रच येत नाही

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गिम्पच्या ओपन विंडोत उजवीकडे प्रीव्ह्यूची चौकट असते. काही फाइलींवर क्लिक केलं की चित्र लगेच येतं, काहींना चौकट कोरीच राहते. लोकांना वाटतं फाइल खराब झाली. फाइल ठीक असते. गिम्पमध्ये एक मर्यादा घातलेली आहे: ठरावीक आकारापेक्षा मोठ्या फाइलचा प्रीव्ह्यू आपोआप बनवायचा नाही. ही मर्यादा मुळात ४ एमबीची ठेवलेली आहे. ज्या काळात ती ठरली त्या काळात ४ एमबीचा फोटो म्हणजे मोठं प्रकरण होतं. आज साध्या फोनचा फोटोसुद्धा ती ओलांडतो, आणि लेयर (चित्राचे एकावर एक थर) असलेली, गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल तर सहज ४०-५० एमबीची होते. म्हणजे ज्या फाइली ओळखणं सगळ्यात गरजेचं, नेमकी त्यांचीच चौकट कोरी.

उपाय असा. एडिट मेन्यूत प्रेफरन्सेस उघडा, तिथे सिस्टीम रिसोर्सेसचं पान. त्यात इमेज थंबनेल्स (चित्रांच्या छोट्या झलका) नावाचा भाग आहे. थंबनेलचा आकार ‘लार्ज’ म्हणजे २५६ बाय २५६ करा, आणि फाइलच्या आकाराची मर्यादा वाढवा. मी ६४ एमबी ठेवली आहे. जुन्या, ४ जीबी रॅमच्या मशीनवर मोठ्या एक्ससीएफवर क्लिक केल्यावर दोन-तीन सेकंद थांबावं लागतं. पुन्हा छापण्यापेक्षा ते परवडतं.

मर्यादा वाढवायची नसेल तर कोऱ्या चौकटीवरच क्लिक करा, प्रीव्ह्यू बनतो. आणि चित्र बदललं तरी चौकटीत जुनंच दिसत असेल तर कंट्रोल धरून क्लिक करा, म्हणजे गिम्प तो नव्याने बनवतो. ही कंट्रोल-क्लिकची सोय वर्षानुवर्षं तिथे आहे, पण माउस चौकटीवर नेऊन सूचना वाचल्याशिवाय ती कुणाला कळत नाही.

थंबनेल नेमके कुठे राहतात हे कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. लिनक्सवर सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून एक पद्धत ठरवली आहे. तुमच्या होम फोल्डरात ‘कॅश’ नावाचा एक लपलेला फोल्डर असतो, त्यात थंबनेल्स, त्यात १२८ पिक्सेलवाल्यांचा आणि २५६वाल्यांचा वेगवेगळा कप्पा. प्रत्येक थंबनेल ही एक छोटी पीएनजी फाइल, आणि तिचं नाव म्हणजे मूळ फाइलच्या पूर्ण पत्त्यावरून काढलेला एमडी५ सांकेतांक. पूर्ण पत्त्यावरून, हे लक्षात घ्या. फोल्डरचं नाव ‘लग्न’चं ‘लग्न जुनं’ केलंत की आतल्या प्रत्येक फोटोचा पत्ता बदलला, आणि सगळे थंबनेल अनोळखी झाले. बाहेरची हार्ड डिस्क दुसऱ्या नावाने जोडली गेली तरी तेच. त्यामुळे काल दिसणारी चित्रं आज गायब झाली तर घाबरू नका, ती पुन्हा बनतील.

मात्र एक कप्पा त्रास देतो. त्याचं नाव ‘फेल’. एखाद्या फाइलचं थंबनेल बनवताना एकदा अपयश आलं, उदाहरणार्थ पेन ड्राइव्हवरून फाइल अर्धवट कॉपी झालेली असताना, तर तशी नोंद या कप्प्यात पडते आणि प्रोग्रॅम पुन्हा प्रयत्न करायच्या भानगडीत पडत नाही. फाइल नीट उघडते, पण प्रीव्ह्यू काही केल्या येत नाही, असं असेल तर हा ‘फेल’ फोल्डर रिकामा करा. आतल्या सगळ्या नोंदीच असतात, तुमचं मूळ काम तिथे काहीही नसतं.

विंडोजवर वेगळी गोष्ट. तिथला एक्सप्लोरर जेपीजी, पीएनजी सुरेख दाखवतो, पण एक्ससीएफ फाइलींना नुसतं चिन्ह लावतो. त्याला आतलं चित्र वाचता येत नाही. आमच्याकडे यावर सरळ सवयीचा उपाय आहे: काम संपलं की एक्ससीएफच्या शेजारी त्याच नावाचा, ८०० पिक्सेलचा एक जेपीजी एक्स्पोर्ट करून ठेवायचा. बघायला तो, उघडायला एक्ससीएफ.

फाइल फोल्डरात आहे, विंडोत नाही

हे जास्त घाबरवतं. एक्सप्लोररमध्ये तीस फोटो, गिम्पच्या विंडोत बावीस. उरलेले आठ गेले कुठे?

विंडोच्या खालच्या भागात एक फिल्टर असतो आणि तो ‘ऑल इमेजेस’वर असतो. त्याचा अर्थ ‘गिम्पला ओळखता येतात ती एक्स्टेन्शनं’ (फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबापुढे येणारी, प्रकार सांगणारी अक्षरं) एवढाच आहे. जे ओळखता येत नाही ते तो फिकट करून दाखवत नाही, थेट लपवतो. नेहमीचा आरोपी म्हणजे आयफोनचे एचईआयसी फोटो. आयफोनवर २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो मुळात याच प्रकारात साठतात. गिम्पला हा प्रकार २.१०.२ पासून, म्हणजे २०१८ च्या मे महिन्यापासून वाचता येतो. अजूनही २.८ वापरणारी दुकानं मी पाहिली आहेत. त्यांना हे फोटो दिसणारच नाहीत. फिल्टर ‘ऑल फाइल्स’वर करा. नावं दिसली आणि उघडत नाहीत, तर आवृत्ती बदलायची वेळ झाली आहे.

दुसरा आरोपी चुकीचं एक्स्टेन्शन. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र असतं वेबपी, नावापुढे असतं जेपीजी. कुणीतरी ‘जेपीजी करून पाठवा’ सांगितलं म्हणून नुसतं नाव बदललेलं असतं. अशी फाइल काही प्रोग्रॅममध्ये उघडते, काहींमध्ये ‘ही जेपीजी फाइल नाही, सुरुवात अमुक अमुकने होते’ असा निरोप येतो. लोक तो निरोप न वाचताच बंद करतात. वाचा, त्यातच उत्तर असतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलचे पहिले काही बाइट ठरलेले असतात. खऱ्या जेपीजीची सुरुवात एफएफ डी८ ने होते. निरोपात ८९ ५० दिसलं तर ती पीएनजी आहे. ५२ ४९ दिसलं तर बहुतेक वेबपी. ०० ०० दिसलं तर दोन शक्यता: एकतर जेपीजी नाव लावलेली एचईआयसी, नाहीतर खराब कार्डातून कशीबशी परत मिळालेली, आतून पूर्ण रिकामी फाइल. ही दुसरी शक्यता असेल तर ग्राहकाला लगेच कळवा, म्हणजे तो फोनमधून मूळ फोटो पुसायच्या आत थांबेल.

एक्स्टेन्शन बदलण्याआधी विंडोजमध्ये एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून फाइल एक्स्टेन्शन दाखवायचं चालू करा. ते मुळात लपवलेलं असतं, आणि मग माणूस ‘फोटो जेपीजी’ असं नाव देतो तेव्हा मागे खरं एक्स्टेन्शन तसंच चिकटून राहतं.

दरवेळी भलताच फोल्डर

गिम्पची ओपन विंडो कुठे उघडेल याला नियम आहे, फक्त तो कुठे लिहिलेला दिसत नाही. समोर एखादं चित्र उघडलेलं असेल तर विंडो त्या चित्राच्या फोल्डरात उघडते. नसेल तर शेवटी जिथून काही उघडलं तिथे. त्यामुळे अल्बमचं पान समोर असताना कंट्रोल-ओ दाबलं तर अल्बमचा फोल्डर येतो, आणि मधेच डाउनलोडमधून एक लोगो उघडून तो समोर ठेवला की पुढच्या वेळी डाउनलोड. नियम कळल्यावर वापरताही येतो: ज्या कामाचा फोल्डर हवा, त्या कामाचं चित्र आधी समोर आणा आणि मगच कंट्रोल-ओ दाबा.

चालू कामांचे फोल्डर डावीकडच्या यादीत बुकमार्क करून ठेवा. गिम्पच्या खिडक्या ज्या टूलकिटवर, म्हणजे बटणं-मेन्यूंच्या तयार संचावर, बनल्या आहेत, त्यावरच बनलेल्या इतर प्रोग्रॅमनाही ते बुकमार्क दिसतात. काम संपलं की काढून टाका. चाळीस बुकमार्कांची यादी झाली की मूळ दुखणं परत येतं.

पूर्ण पत्ता माहीत असेल तर कंट्रोल-एल दाबा, टाइप करायची जागा येते, तिथे चिकटवा. विंडोजवर ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ने पत्ता घेतलात तर त्याला दोन्ही बाजूंनी अवतरण चिन्हं लागून येतात. ती काढायची, नाहीतर असा फोल्डर नाही म्हणून उत्तर येतं. मला हे कळायला कितीतरी दिवस लागले.

आणि एक तपासाच. क्लाउडची सोय चालू केलेल्या मशीनवर कधी कधी ‘डेस्कटॉप’ आणि ‘पिक्चर्स’ दोन दोन होतात: एक क्लाउडच्या फोल्डरातला, एक जुना, स्थानिक. एक्सप्लोरर एक दाखवतो, गिम्प दुसरा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये खरा पत्ता बघितला की उलगडा होतो.

साताऱ्याची फाइल

हे मराठीत नावं देणाऱ्यांसाठी. मी स्वतः देतो, आणि देत राहणार आहे. आपल्या कामाचं नाव आपल्या भाषेत असावं. पण त्यात एक खाच आहे. ती कुठेच समजावून सांगितलेली मला मिळाली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका फोल्डरात ‘साताऱ्याचं लग्न’ नावाची फाइल होती. डोळ्यांनी दिसत होती. ओपनच्या विंडोत ‘साताऱ्या’ टाइप केलं की शोध रिकामा. कॉपी करून चिकटवलं की सापडायची. आमच्याकडच्या मुलाने तिचं नाव त्याच्या फोनवर दिलं होतं, मी शोधत होतो इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून.

झालं असं की ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन रस्त्यांनी लिहिता येतं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून रची कळ दाबली की ऱ हे स्वतंत्र अक्षर मिळतं, त्याला हलन्त, मग य. दुसऱ्या रस्त्याने साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तोच अर्धचंद्रासारखा र. आत मात्र वेगवेगळी अक्षरं साठलेली असतात, आणि शोधणारा प्रोग्रॅम आतली अक्षरं जुळवतो. दौऱ्याचे फोटो, वाऱ्यावरची वरात, दुसऱ्या दिवशीचे विधी, म्हाताऱ्या आजी: आपल्या नावांत हा र पावलोपावली येतो.

त्यात तिसरी भर जुन्या मॅकची. तिथली जुनी डिस्क-पद्धत फाइलींची नावं साठवताना ऱ चं विघटन करून साधा र आणि खाली नुक्ता असं ठेवायची. अशा मॅकवरून आलेल्या अल्बमच्या फाइलींत तेही सापडतं.

प्रोग्रॅममध्ये हे सुधारेपर्यंतचा उपाय: शब्दाचा तो र येण्याआधीचा भाग टाइप करा. ‘साता’ एवढंच. सगळ्या प्रकारच्या फाइली समोर येतात. नवीन नाव देताना आधी तारीख आकड्यांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग गावाचं मूळ रूप: ‘सातारा लग्न’. विभक्ती लावली नाही की तो र येतच नाही.

प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना यात करता येण्यासारखं काम आहे. युनिकोडची (संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक मानकाची) ठरलेली सामान्यीकरणाची, म्हणजे वेगवेगळी रूपं एक करायची, पद्धत वापरली तर नुक्त्याचा प्रकार आणि एकसंध ऱ हे दोन एकत्र येतात. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्या पद्धतीने जुळत नाही, तो वेगळा हाताळावा लागतो. शोध लावण्याआधी दोन्ही बाजूंची ‘ऱ्या’ एका रूपात आणली की झालं. डिस्कवरचं नाव बदलायची गरजच नाही.

चाळीस फोटो, चाळीस प्रश्न

अल्बमसाठी चाळीस फोटो एकदम निवडून उघडले की गिम्प विचारत बसतो: यात रंगाचं प्रोफाइल आहे, ठेवू की बदलू? हा फोटो आडवा नोंदलाय, फिरवू का? प्रत्येक फोटोला. प्रेफरन्सेसमध्ये इमेज इम्पोर्ट अँड एक्स्पोर्टच्या पानावर दोन्हींची कायमची उत्तरं देता येतात. फिरवण्याला ‘फिरवा’ हेच उत्तर द्या, फोन कसा धरला होता त्याची ती नोंद असते. प्रोफाइलला मी ‘आहे ते ठेवा’ दिलं आहे. तुमची प्रेस वेगळं मागत असेल तर तिला विचारून ठरवा.

फोटो नव्या खिडक्यांत उघडायचे की चालू पानात लेयर म्हणून, हा गोंधळही रोजचा. कंट्रोल-ऑल्ट-ओ म्हणजे लेयर म्हणून उघडा. फाइल मॅनेजरमधून ओढून आणत असाल तर चित्रावर सोडलेली फाइल लेयर होते, टूलबॉक्सवर सोडलेली वेगळं चित्र म्हणून उघडते. आमच्याकडे आता निम्म्याहून जास्त काम असंच चालतं: बाजूला फाइल मॅनेजर मोठ्या चित्रांवर लावून ठेवायचा, बघायचं, ओढायचं. ओपनची विंडो उघडतच नाही.

विंडो अशी का, आणि कशी हवी

पण ज्या विंडोला टाळून काम करावं लागतं, ती नीट झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

नावांची यादी दाखवायची पद्धत जुनी आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या फ्लॉपीत ४०० केबी मावायचे. त्यात चित्रं किती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नावं आपणच दिलेली, आठवणारी. तिथे यादी पुरेशी होती. आज फोटोला नाव देतो कॅमेरा, आणि एका लग्नाचे फोटो असतात दोन-तीन हजार. नावावरून काहीच कळत नाही. चित्र आपण चेहऱ्यावरून, रंगावरून, हळदीचं की वरातीचं यावरून ओळखतो.

गिम्पची गोष्ट तर फार मनाला लागते. १९९५ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला. बटणं, मेन्यू, खिडक्या यांसाठी त्यांनी स्वतःचं टूलकिट बनवलं. तेच पुढे जीटीके झालं, त्या नावातला ‘जी’ म्हणजे गिम्पच. त्यावर पुढे लिनक्सचा गनोम हा अख्खा डेस्कटॉप उभा राहिला. चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी जन्मलेल्या या टूलकिटच्या ओपन विंडोत चित्रं जाळीसारखी मांडून दाखवा, ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली आणि पूर्ण झाली मार्च २०२३ मध्ये, जीटीके ४.१० मध्ये. मधे जवळपास एकोणीस वर्षं. आणि मार्च २०२५ मध्ये आलेला गिम्प ३.० बांधला आहे जीटीके ३ वर. म्हणजे ती जाळी गिम्प वापरणाऱ्याच्या विंडोत अजून आलेली नाही. हे काम करणारे बहुतेक लोक स्वतःचा वेळ देऊन करतात, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. अडचण पण खरी आहे.

विंडोज किंवा मॅकची स्वतःचीच विंडो का वापरत नाहीत, असं काही जण विचारतात. तिथे मोठी चित्रं दिसतात, हे खरं. पण ती विंडो प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलींच्या बाबतीत आंधळी असते, त्या ओळखायला प्रोग्रॅमने तिला शिकवावं लागतं. क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमने हे केलं आहे. विंडोजवर क्रिटा बसवताना सोबत एक छोटा जोड बसवता येतो आणि त्याच्या स्वतःच्या केआरए फाइलींची चित्रं एक्सप्लोररमध्ये दिसू लागतात. त्याला हे सोपं जातं, कारण केआरए फाइल म्हणजे झिपचं गाठोडं असतं आणि त्यात एक तयार छोटं चित्र ठेवलेलं असतं. ओपनरास्टर या लेयरवाल्या खुल्या फाइल-प्रकारातही तसंच. फोटोशॉपच्या पीएसडीच्या पोटातही थंबनेल असतं. एक्ससीएफमध्ये सगळे लेयर असतात, पण एकत्र केलेलं तयार चित्र नसतं, त्यामुळे प्रीव्ह्यूसाठी पूर्ण फाइल वाचून लेयर एकावर एक चढवावे लागतात. चौकटीला वेळ लागतो तो इथे. म्हणजे ओपनची विंडो सुधारायची सुरुवात सेव्ह करण्यापासून होते: सेव्ह करतानाच फाइलच्या पोटात २५६ पिक्सेलचं एक चित्र ठेवलं की पुढची प्रत्येक विंडो हलकी होईल.

विंडोत मला हवं ते असं. मोठी चित्रं, आकार कमी-जास्त करता येईल अशी. प्रत्येक चित्राखाली पिक्सेलमधली लांबी-रुंदी, न दाबता, न विचारता. उभं चित्र उभंच दिसावं. फिल्टरने काही लपवलं असेल तर ‘आणखी आठ फाइली आहेत’ असं तिथेच लिहिलेलं असावं. ‘लेयर म्हणून उघडा’ हे बटण ‘उघडा’च्या शेजारीच असावं. एकसारखे फोटो एकाच फोल्डरात असतील, एक १६००चा आणि एक ४०००चा, तर ते एकमेकांशेजारी दिसावेत. ही शेवटची सोय असती तर त्या पोरीचा फ्लेक्स पहिल्याच वेळी नीट छापला गेला असता.

गिम्पच्या अडचणी नोंदवायची जागा गनोमच्या गिटलॅब या वेबसाइटवर आहे आणि कुणीही तिथे लिहू शकतं, साध्या इंग्रजीत चालतं. हेल्प मेन्यूतल्या अबाउटमधून आवृत्तीचा आकडा, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, पायरीपायरीने काय केलं, आणि विंडोचा स्क्रीनशॉट, एवढं द्या. साताऱ्याच्या र साठी मी दोन कोऱ्या पीएनजी बनवून ठेवल्या आहेत, नावं दिसायला तंतोतंत सारखी, एक या रस्त्याने लिहिलेली, एक त्या. देवनागरी न वाचणाऱ्या माणसालाही त्या दोन फाइली एका फोल्डरात टाकून एक नाव शोधलं की दुसरी का सापडत नाही हे डोळ्यांनी बघता येईल. या रविवारी त्या जोडून नोंद टाकतो.